मोठ्या भूकंपानंतर समुद्रतळाची थरथर कशी पकडतात?

वाचक विचारतात

मागच्या अंकात जपानच्या किनाऱ्यालगतच्या भूकंपांवर एक छोटं टिपण होतं. मोठा धक्का बसून गेल्यावर समुद्रतळाखाली जी मंद, माणसाला न जाणवणारी थरथर चालते ती टिपणं हे धक्का टिपण्याहून अवघड, असं एक वाक्य त्यात होतं. त्या एका वाक्यावर बडोद्याहून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच द्यावं लागलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूजचा भूकंप झाला. त्यानंतर बरेच दिवस मांडणीतली भांडी अधूनमधून वाजल्यासारखी वाटायची. तुम्ही म्हणता ती थरथर हीच का? (दांडिया बाजार)

उत्तर : नाही. ते पश्चात धक्के होते, म्हणजे आकाराने लहान पण जातीने भूकंपच. भांडं वाजवण्याइतकी ताकद आम्ही म्हणतो त्या थरथरीत नसते.

जड कपाट फरशीवरून ढकलून बघा. बराच वेळ हलत नाही आणि मग एकदम खाडकन सरकतं. तो भूकंप. त्याच कपाटाखाली गोणपाट घाला. आता ते हळूहळू सरकतं, पण सरकताना कुरकुरतं. समुद्राखाली जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो, तिथे दोन्ही प्रकारच्या जागा शेजारीशेजारी असतात. अडकलेला भाग तुटतो तेव्हा ती फाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पसरते. सैल भाग मात्र दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे सरकत राहतो. या संथ सरकण्यातली कुरकुर म्हणजे थरथर, शास्त्रज्ञांच्या भाषेत ट्रेमर. ती साधारण दिवसाला दहा किलोमीटर या चालीने पुढे जाते.

तिचा आवाज मुख्यतः २ ते ८ हर्ट्झमध्ये असतो. सुटा स्पंद काढलाच तर तो रिश्टरच्या भाषेत एक-दोन तीव्रतेचा भरेल. साध्या भूकंपात आधी वेगवान पी तरंगाची ठोकर लागते, मग मागून येणाऱ्या, आडवं हलवणाऱ्या एस तरंगाची, आणि दोन्हींची सुरुवात कागदावर बोट ठेवून दाखवता येते. थरथरीला सुरुवातच नसते. आलेख हळूच फुगतो, मिनिटं-तास फुगलेला राहतो आणि हळूच ओसरतो. म्हणून ती कितीतरी वर्षं ‘गोंगाट’ म्हणून बाजूला टाकली गेली. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानने देशभर शंभर-शंभर मीटर आणि त्याहून खोल विहिरींत भूकंपमापक उतरवले. वरचा गोंगाट इतका कमी झाला की २००२मध्ये काझुशिगे ओबारा यांना नैऋत्य जपानखालची ही थरथर वेगळी ओळखता आली. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या रॉजर्स आणि ड्रॅगर्ट यांनी दाखवलं, की व्हँकुव्हर बेटाखाली सुमारे चौदा महिन्यांनी संथ सरक येते आणि तिच्याबरोबर थरथरही येते.

प्रश्न : जपानमध्ये जमिनीवर इतकी जाळी असताना समुद्रात यंत्रं कशाला? (वाघोडिया रोड)

उत्तर : कारण समुद्रतळाखालची थरथर जिथे उमटते ती जागा किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर लांब, खंदकाजवळ (एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथल्या खोल चरीजवळ), समुद्रतळाच्या थोडीच खाली असते. एक-दोन तीव्रतेचा स्पंद तेवढं अंतर चालून किनाऱ्यावर येईपर्यंत काही उरत नाही.

११ मार्च २०११च्या ९.० तीव्रतेच्या तोहोकू भूकंपानंतर जपानने त्या खंदकाच्या बाजूने एस-नेट नावाचं जाळं टाकलं : साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त केबल आणि तिच्यावर ओवलेली १५० निरीक्षण केंद्रं. पूर्व-पश्चिम अंतर सुमारे तीस किलोमीटर, उत्तर-दक्षिण त्याच्या दुप्पट. नैऋत्येला नानकाई खंदकावर डोनेट हे दुसरं, आणखी दाट जाळं आहे. एस-नेटच्या नोंदींवरून २०१९मध्ये जे चित्र पुढे आलं ते बघण्यासारखं आहे. २०११मध्ये जो पट्टा सर्वांत जास्त सरकला तिथे थरथर जवळजवळ नाही. ती आहे त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, आणि दक्षिणेकडे तर महाभूकंपाची फाट जिथे थांबली तिथूनच थरथरीचा प्रदेश सुरू होतो. जमिनीवर बसून हे कधीच दिसलं नसतं.

प्रश्न : खंभातच्या खोऱ्यात तेलशोधासाठी आम्ही हजारो जिओफोन, म्हणजे जमिनीचे कंप टिपणारे छोटे सेन्सर, पेरले. १० हर्ट्झचे, स्वस्त, दणकट. तेच समुद्रात का चालत नाहीत? (निवृत्त अभियंता, मकरपुरा)

उत्तर : चालतात, पण हिशेब करून. जिओफोनच्या नैसर्गिक वारंवारतेखाली (आपले ‘१० हर्ट्झ’ ते हेच) त्याचा प्रतिसाद वर्गाच्या प्रमाणात पडतो, हे आपल्याला सांगायला नको. एस-नेटमध्ये १५ हर्ट्झचे जिओफोन आहेत. त्यांच्यावर २ हर्ट्झचा संकेत (२ ÷ १५)², म्हणजे सुमारे छप्पन्नाव्या भागाइतका उरतो. साडेचार हर्ट्झच्या जिओफोनवर तोच संकेत पाचव्या भागाइतका, आपल्या १० हर्ट्झवर पंचविसाव्या. म्हणजे प्रश्न ‘दिसतो का’ हा नाही. उरलेला संकेत ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा वर राहतो का, हा आहे. चांगला डिजिटायझर (संकेताचे आकडे करणारं यंत्र) असेल तर १५ हर्ट्झचा जिओफोनही थरथर देतो, आणि एस-नेटने ते सिद्ध केलं आहे. १०० सेकंदांपर्यंतच्या अतिमंद कंपांसाठी मात्र जिओफोन बाद. तिथे ब्रॉडबँड, म्हणजे अतिमंद ते जलद असे सगळे कंप टिपणारं, यंत्रच हवं.

खरी अडचण जिओफोन आणि तळ यांच्या जोडात असते. आपण शेतात खिळा दाबून जिओफोन घट्ट रोवत होता. समुद्रात चार किलोमीटर खाली खिळा दाबणारं कुणी नाही. यंत्र मऊ चिखलावर पडतं आणि त्या चिखलावरच डुलत राहतं. तळाशी प्रवाह असेल तर यंत्राच्या भोवती भोवरे होतात आणि आडव्या अक्षांवर खोटी हालचाल दिसते. उभ्या अक्षाला हा त्रास कमी. पण थरथरीतला मुख्य ऐवज एस तरंगांचा, आणि तो नेमका आडव्या अक्षांवर येतो. म्हणून उथळ पाण्यात केबलवरची केंद्रं नांगरटीसारखी चर पाडून पुरतात.

प्रश्न : केबल नसेल तिथे यंत्र समुद्रात कसं ठेवतात आणि परत कसं मिळतं? त्यात काय बिघडतं? (मांजलपूर)

उत्तर : सतरा इंची जाड काचेचे दोन अर्धगोल. आत सेन्सर, बॅटऱ्या, नोंदणीयंत्र आणि घड्याळ. अर्धगोलांच्या कडा नुसत्या काचेवर काच टेकतात, मध्ये रबरी कडं नसतं. कडा अल्कोहोलने पुसून, भिंगातून बघून, मग आतली हवा काही प्रमाणात ओढून घेतात. बाहेरून चिकटपट्टी फक्त सुरुवातीसाठी. खोलवर गोलाला पाण्याचा दाबच घट्ट बंद ठेवतो. त्या कडेवर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तर तिथे दाब एकवटतो आणि काचेचा टवका उडतो. आतली हवा दमट राहिली तर तळाच्या दोन-चार अंश तापमानात पाणी सुटून सर्किटवर थेंब बसतात, म्हणून कोरडा नायट्रोजन भरतात. हे काम जहाजाच्या डेकवर, खारट वाऱ्यात करू नये. बंद खोलीतच करावं.

गोलाला खाली लोखंडी वजन बांधून सोडून देतात. सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने ते उतरतं, म्हणजे चार हजार मीटरला तासाहून थोडा जास्त वेळ. प्रवाहामुळे सोडल्या जागेपासून काही शे मीटर सरकूनच ते टेकतं. म्हणून जहाज भोवती फिरून तीन-चार ठिकाणांहून ध्वनीचा सवाल-जवाब करतं आणि जाण्यायेण्याच्या वेळावरून खरी जागा काढतं. हा टप्पा घाईत गाळला तर पुढचं प्रत्येक गणित त्या काही शे मीटरांनी चुकतं. परत बोलावताना ध्वनीचा ठरावीक संकेत देतात. मग वजन धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीतून वीज सोडली जाते, खाऱ्या पाण्यात पट्टी काही मिनिटांत विरघळते आणि गोल वर येतो. पट्टी विरघळली पण वजन चिखलात रुतून बसलं, असंही होतं. गोल वर आला पण दिवा आणि रेडिओ बंद पडले, हेही. पांढऱ्या फेसात गोलावरचं पिवळं टोपण डोळ्यांनी शोधायचं असेल तर दिवसाउजेडीच बोलवावं. म्हणून बोलवायची वेळ ठरवताना आधी सूर्योदय बघतात, मग उतरण्या-चढण्याचा हिशेब.

आता घड्याळ. पाण्याखाली जीपीएस पोचत नाही. सोडण्याआधी आणि काढल्यावर घड्याळ जीपीएसशी ताडतात आणि मधली चूक सरळ रेषेत वाटून टाकतात. दिवसाला एक मिलिसेकंद चुकणारं घड्याळ वर्षात एक-तृतीयांश सेकंदाहून थोडं जास्त चुकेल. थरथरीच्या ढोबळ शोधाला एवढं चालतं, त्यामुळे या बाबतीत उगाच धास्ती घेऊ नये. सुटे स्पंद नमुन्याशी जुळवून शोधायचे असतील तर मात्र चालत नाही. बॅटरी आधीच संपली आणि काढल्यावरची तुलनाच झाली नाही, तर तो वर्षभराचा विदा (डेटा) लंगडा. एक जुनी खोड अशी की २०१२, २०१५ आणि २०१६मध्ये जगाच्या घड्याळात लीप सेकंद, म्हणजे जादाचा एकेक सेकंद, घातले गेले, आणि ते विसरून तयार केलेल्या नोंदी नेमक्या एक सेकंदाने सरकलेल्या सापडतात. त्या काळातला विदा हाती आला तर हे आधी तपासा.

यंत्र कोणत्या दिशेला तोंड करून पडलं हेही कुणाला ठाऊक नसतं. लांबच्या मोठ्या भूकंपाचे पृष्ठतरंग कुठून आले हे माहीत असतं, त्यावरून आडव्या अक्षांची दिशा उलट काढतात.

प्रश्न : मोठ्या भूकंपानंतर तर पश्चात धक्क्यांचा नुसता पाऊस असतो. त्यात थरथर वेगळी कशी काढतात? आणि ‘भूकंपानंतर दहा दिवसांनी थरथर सुरू झाली’ अशा बातमीवर किती विश्वास ठेवावा? (कारेलीबाग आणि रावपुरा, दोन पत्रं)

उत्तर : दुसरा प्रश्न फार चांगला आहे. उत्तर आधी देतो : त्या ‘दहा दिवसां’कडे संशयानेच बघावं.

समजा पहिल्या दिवशी यंत्राला दिसतील असे हजार पश्चात धक्के झाले. २४ तासांचे ८६,४०० सेकंद, म्हणजे सरासरी दर ८६ सेकंदांना एक. पश्चात धक्क्यांची संख्या ढोबळमानाने दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते. हा जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओमोरींचा एकोणिसाव्या शतकातला नियम आजही चालतो. त्या हिशेबाने दहाव्या दिवशी शंभर, म्हणजे दर चौदा मिनिटांना एक. शंभराव्या दिवशी दहा. थरथर शोधण्याची नेहमीची पद्धत पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेते. पहिल्या दिवशी असा एकही तुकडा कोरा मिळणार नाही. प्रत्येकात तीन-चार धक्के आणि त्यांच्या शेपट्या. दहाव्या दिवशी बरेच तुकडे कोरे मिळू लागतात. थरथर पहिल्या तासापासून सारखीच चालू असली तरी यादीत ती दहाव्या दिवसाच्या आसपास उगवल्यासारखी दिसेल. थरथर सुरू झालेली नसते. आपल्याला ऐकू येऊ लागलेलं असतं.

म्हणून यादीबरोबर दुसरा एक आकडा हवाच : त्या दिवशी ऐकण्याजोगा वेळ किती मिळाला. पश्चात धक्क्यांच्या यादीतल्या प्रत्येक धक्क्याच्या पीपासून शेपूट विझेपर्यंतचा वेळ कापून टाकायचा, उरलेले तास मोजायचे आणि थरथरीची मिनिटं त्या तासांनी भागायची. ज्या दिवशी दोन तासही उरत नाहीत तो दिवस आलेखात रिकामा सोडायचा, शून्य लिहायचं नाही. रिकामी जागा आणि शून्य यांतली गल्लत हीच या विषयातली सगळ्यात महाग चूक आहे असं आमचं मत.

आता वेगळं काढण्याच्या खुणा. पहिली खूण कालावधीची. लहान धक्क्याचा फुगवटा काही सेकंदांत अर्ध्यावर येतो, थरथरीचा वीस-तीस सेकंद किंवा जास्त टिकतो. दुसरी खूण वर्णपटाची. त्याच उंचीच्या धक्क्यात १० ते २० हर्ट्झमध्येही दम असतो, थरथरीत तो पडलेला असतो. दोन्ही पट्ट्यांचं गुणोत्तर काढलं की बहुतेक धक्के वेगळे होतात. पण इथे एक सापळा आहे. खंदकाजवळचा गाळ मऊ असतो आणि वरच्या वारंवारता खाऊन टाकतो. अशा गाळातून आलेला साधा धक्का थरथरीसारखाच मंद दिसतो. उपाय एकच : त्याच जागेवरून त्याच केंद्राकडे आलेला, निर्विवाद साधा असा एखादा धक्का मापाला घ्यायचा आणि त्याच्या तुलनेत गुणोत्तर बघायचं. एका केंद्राचं माप दुसऱ्याला लावू नये.

तिसरी खूण जागेची. थरथर एका तुकड्यात दिसून भागत नाही. शेजारच्या तुकड्यांतही जवळपास तिथेच दिसली पाहिजे. चौथी खूण म्हणजे पाण्यातून आलेल्या लबाडांना हाकलणं. लांबच्या भूकंपाची ऊर्जा समुद्रात शिरून पाण्यातून ध्वनी म्हणून येते, तिला टी-फेज म्हणतात. ती अगदी थरथरीसारखी फुगते-ओसरते, वारंवारताही तीच. फरक वेगात आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला दीड किलोमीटर जातो, खडकात एस तरंग साडेतीन. साठ किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांत टी-फेज चाळीस सेकंदांचं अंतर पाडू शकेल, एस तरंग सतरापेक्षा जास्त पाडू शकत नाही. म्हणून शोधातच ही कमाल मर्यादा घालून ठेवतात. जहाजं ओळखायला सोपी. स्पेक्ट्रोग्रामवर (कोणत्या वेळी कोणती वारंवारता होती ते दाखवणाऱ्या चित्रावर) पंख्याच्या आवाजाच्या सरळ, बारीक, समांतर रेषा दिसतात आणि आवाज तासाला पंचवीस किलोमीटर वगैरे चालीने केंद्रामागून केंद्रं ओलांडत जातो. फिन जातीचे देवमासे २० हर्ट्झच्या आसपास ठरावीक अंतराने हाका मारतात. ते २ ते ८च्या पट्ट्याबाहेर आहेत, पण वरच्या पट्ट्याशी गुणोत्तर काढताना ते मध्ये येऊन गुणोत्तर बिघडवतात. त्यांच्या हंगामात पट्टा १५ हर्ट्झवरच थांबवलेला बरा.

शेवटचं, जे विसरलं जातं ते. मोठा धक्का यंत्रालाही बसतो. एस-नेटची केंद्रं दंडगोलाकार आहेत. जोराच्या हादऱ्याने ती स्वतःभोवती किंचित वळतात, हे नोंदींत स्पष्ट दिसलं आहे. मग आधी काढलेली अक्षांची दिशा कामाची राहत नाही आणि प्रवेगमापकावर जमीन कायमची कलल्यासारखा खोटा टप्पा दिसतो. मोठ्या धक्क्यानंतर दिशा पुन्हा काढल्याशिवाय आडव्या अक्षांवर एक ओळही लिहू नये.

प्रश्न : मी एमएस्सीला आहे. घरच्या लॅपटॉपवर हे करून बघता येईल का? (प्रतापगंज)

उत्तर : येईल. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर २०११ ते २०१५ या काळात समुद्रतळावर ठेवलेल्या यंत्रांचा विदा खुला आहे. एस-नेटचा जपानी संस्थेकडे नोंदणी करून मिळतो. पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातलं भूकंपनोंदींसाठीचं ऑब्सपाय एवढी साधनं पुरेत.

आधी जागेचा अंदाज घ्या. १०० नमुने प्रतिसेकंद या दराने एका अक्षाचे दिवसाला ८६ लाख ४० हजार आकडे होतात. तीन अक्ष, वीस केंद्रं, तीस दिवस धरले तर उलगडलेला विदा साठ जीबीच्या वर जातो. म्हणून एका वेळी एकच दिवस उतरवा, प्रक्रिया करा, मूळ फाइल पुसा, पुढचा दिवस घ्या.

सरासरी आणि कल काढून टाका, टोकं मऊ करा, २ ते ८ हर्ट्झचा बँडपास फिल्टर लावा. दोन्ही आडव्या अक्षांचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ. ही झाली आवरणरेषा. ती ०.२ हर्ट्झच्या खालचंच ठेवून गुळगुळीत करा आणि सेकंदाला एक नमुना इतकी विरळ करा. आता दिवसाचे फक्त ८६,४०० आकडे उरले. फिल्टर लावायच्या आधी विरळ करण्याची चूक हमखास होते. मग वरच्या वारंवारता खाली दुमडून येतात आणि भलतंच काहीतरी सापडतं.

पुढे ३०० सेकंदांचे तुकडे, दर १५० सेकंदांनी. वीस केंद्रांच्या १९० जोड्या होतात, पण शंभर किलोमीटरपेक्षा लांबच्या सोडून द्या. प्रत्येक जोडीच्या आवरणरेषा एकमेकींवर सरकवून सहसंबंध सर्वांत जास्त कुठे येतो ते बघा. ०.६च्या वर असेल तर तो वेळफरक ठेवा. नकाशावर पाच किलोमीटरची जाळी पाडा आणि कोणत्या चौकटीतून एस तरंग निघाला तर हे सगळे वेळफरक जुळतात ते शोधा. फरक साधारण एका सेकंदापर्यंत नेमका मिळतो, म्हणजे जागा तीन-चार किलोमीटरपर्यंत. खोली मात्र या पद्धतीने भरवशाची मिळत नाही. ती भूपट्टाच्या सीमेवर धरून चाला आणि तसं लिहूनच टाका.

तीन ठिकाणी घसरण होते. विदा तुटला असेल तिथे शून्य भरलं तर त्या कडेवर सगळ्या केंद्रांत एकाच क्षणी उडी दिसते आणि सहसंबंध सुरेख येतो. तुटका तुकडा सरळ वगळा. मऊ गाळात एस तरंग रेंगाळतो, कुठे एखाद-दोन सेकंदही. जवळच्या, जागा माहीत असलेल्या भूकंपांवरून प्रत्येक केंद्राची दुरुस्ती काढून मगच जागा शोधा. आणि पहिली धाव अशा महिन्यावर घ्या ज्यात मोठा भूकंप नाही. शांत महिन्यातही तुमचा प्रोग्राम रोज शंभर ‘थरथरी’ शोधून देत असेल तर दोष प्रोग्राममध्ये आहे.

प्रश्न : थरथर न होता नुसतीच संथ सरक होत असेल तर? (अलकापुरी)

उत्तर : तर भूकंपमापक बहिराच. तिथे तळावरचा दाबमापक उपयोगी पडतो. तळ एक सेंटीमीटर वर आला की डोक्यावरचं पाणी एक सेंटीमीटरने कमी झालं, म्हणजे दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरला. चार हजार मीटर खोलीवर हा चार लाखांत एक भाग झाला. क्वार्ट्झचे दाबमापक तो सहज दाखवतात. अडचण अशी की यंत्राचा शून्यबिंदूच वर्षात काही सेंटीमीटर आपोआप सरकतो. वर भरती-ओहोटी आहेच. भावनगरकडे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातून सेंटीमीटर काढायचा म्हणजे काय ते लक्षात येईल. भरती निदान गणिताने काढता येते. प्रवाहांचे आणि भोवऱ्यांचे आठवडेच्या आठवडे चालणारे चढउतार काढता येत नाहीत, आणि संथ सरकही तेवढेच दिवस चालते. त्यावर तोड म्हणजे एकाच खोलीवरच्या दोन दाबमापकांची वजाबाकी. समुद्राचा खेळ दोन्हीकडे सारखा, तो उडतो. तळाची हालचाल उरते.

न्यूझीलंडजवळ २०१४मध्ये अशीच चोवीस दाबमापकांची फौज तळावर असताना संथ सरक आली आणि तळ दीड ते साडेपाच सेंटीमीटर उचललेला सापडला. नानकाईत विहिरी खणून खडकातल्या पाण्याचा दाब मोजतात. ती पद्धत याहूनही नाजूक, आणि तितकीच खर्चिक.

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवर ही थरथर दिसेल का? (गोत्री)

उत्तर : नाही.

प्रश्न : थरथर वाढली म्हणजे पुन्हा मोठा भूकंप येणार, की ताण निघून गेला म्हणून सुटका? (निजामपुरा)

उत्तर : दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत, म्हणून कोणत्याही एका बाजूचं भाकीत करू नये. व्हँकुव्हरकडे दर चौदा महिन्यांनी थरथर येते आणि निघून जाते, मोठा भूकंप आलेला नाही. उलट तोहोकूच्या आधी, आणि २०१४मध्ये चिलीतल्या इकीके इथल्या ८.१ तीव्रतेच्या भूकंपाआधी, तिथे संथ सरक चालू होती असं नोंदी सांगतात. सरकणारा भाग स्वतःचा ताण उतरवतो आणि शेजारच्या अडकलेल्या भागावर टाकतो. शेजारी किती भरलेला आहे हे आपल्याला मोजता येत नाही.

मोठा धक्का स्वतःही संथ सरक उठवतो, आणि तीही लांब. १४ नोव्हेंबर २०१६ला न्यूझीलंडमध्ये कायकुरा इथे ७.८चा भूकंप झाला, आणि कित्येक शे किलोमीटर दूर, उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्याखाली सरक सुरू झाली. २००२च्या अलास्कातल्या देनाली भूकंपाचे नुसते पृष्ठतरंग खालून गेले तेवढ्याने व्हँकुव्हरखाली थरथर उठली होती. तेव्हा भूकंपानंतर समुद्रतळ ऐकायचा तर फक्त फुटलेल्या जागेपुरता ऐकून चालत नाही.

जपानमध्ये या नोंदी प्रत्यक्ष कामी येतात. ८ ऑगस्ट २०२४ला ह्यूगा-नाडा इथे ७.१चा भूकंप झाला तेव्हा नानकाई खंदकासाठीची महाभूकंपाची सूचना पहिल्यांदाच दिली गेली. आठवडाभर तळ आणि किनारा यांच्यावर नजर ठेवली, वेगळं काही दिसलं नाही, आणि सूचना मागे घेतली. त्या सूचनेचा अर्थ ‘येणार’ असा नव्हता. ‘नेहमीपेक्षा शक्यता जास्त, तयारी तपासा’ एवढाच होता.

प्रश्न : आपल्या किनाऱ्यांचं काय? (फतेगंज)

उत्तर : अशी थरथर शोधण्याजोगा भूपट्टांचा जोड आपल्याला दोन बाजूंना आहे. पूर्वेला अंदमान-सुमात्रा, जिथे २६ डिसेंबर २००४चा महाभूकंप झाला आणि सुमारे तेराशे किलोमीटर लांबीची फाट पडली. पश्चिमेला पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा. तिथे २८ नोव्हेंबर १९४५च्या भूकंपाची त्सुनामी कच्छ आणि मुंबईपर्यंत आली होती. हैदराबादच्या इन्कॉइस या राष्ट्रीय सागरी माहिती संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र २००७पासून चालू आहे आणि त्याच्यासाठी समुद्रात दाबमापकही आहेत. पण त्यांचं काम पाण्याची लाट वेळेत ओळखणं. थरथरीसाठी तीस-तीस किलोमीटरवर भूकंपमापक हवेत, आणि वर्षानुवर्षं सलग. भूजचा भ्रंश या जातीचा नाही, तो भूपट्टाच्या पोटातला आहे. कच्छमध्ये पश्चात धक्के अजून मोजले जातात, पण त्यांना थरथर म्हणू नये.

प्रश्न : शाळेत भूकंपमापक बसवायचा आहे. बडोद्यात बसून मुलांना काय दाखवता येईल? (शिक्षिका, समा)

उत्तर : थरथर नाही, पण ती उठवू शकणारे तरंग जरूर. साडेचार हर्ट्झचा उभा जिओफोन, २४ बिटांचा डिजिटायझर आणि एक छोटा संगणक घ्या. तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या फरशीवर ठेवा. पाण्याच्या पंपापासून, जिन्यापासून आणि रस्त्याकडच्या भिंतीपासून लांब. वर थर्माकोलची पेटी पालथी घाला, म्हणजे पंख्याचा वारा लागणार नाही. वेळ इंटरनेटवरून जुळवलेली हवी.

जपानजवळ मोठा भूकंप झाला की तो आपल्यापासून सुमारे ६,७०० किलोमीटरवर असतो. पी तरंग साधारण दहा मिनिटांनी पोचतील, पृष्ठतरंग अर्ध्या तासानंतर. २० सेकंदांच्या पृष्ठतरंगाला हा जिओफोन जवळजवळ बहिरा आहे, आठ हजाराव्या भागाइतकाच दाखवेल. तरी आठच्या वरच्या भूकंपाचा आलेख दिसतो, फक्त ०.१ हर्ट्झच्या वरचं गाळून टाका. न गाळता बघितलंत तर मधल्या सुट्टीत मुलं जिन्यावरून धावली तेवढंच दिसेल.